परतवारी

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगावापुढं ‘तालुका हिंगोली, जिल्हा परभणी’ असं लिहिलेलं आहे. शाई फिकी झाली, तरी वाचता येतं. तो दाखला काढला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि हिंगोली नावाचा जिल्हाच नव्हता. १ मे १९९९ ला परभणीतून तो वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. तोवर आम्ही पिंपरीत भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात आलो होतो आणि गावाकडची पत्रंही यायची थांबली होती. मी ज्या जिल्ह्यातून निघाले त्यात माझं गाव आज नाही, आणि ज्या जिल्ह्यात ते आज आहे तिथून मी कधी निघालेच नव्हते.

आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. या साऱ्या उलथापालथीत आजोबा एकाच माळवदाखाली झोपत होते. राज्यं त्यांच्यावरून गेली, ते जागचे हलले नाहीत. आमच्या घराण्यात गाव सोडणारे पहिले माझे वडील.

सोडण्याचं कारण साधंच होतं. कोरडवाहू रान, तीन भाऊ आणि खाणारी तोंडं भरपूर. बाहत्तरच्या दुष्काळात वडिलांनी कोवळ्या वयात दुष्काळी कामावर खडी फोडली होती. हातावरचे ते घट्टे पुढं कारखान्यातल्या कामानंही गेले नाहीत. ऐंशीच्या दशकात पुन्हा पावसानं लागोपाठ दगा दिला, तेव्हा ते आईला म्हणाले, आता पुन्हा खडी नाही. एवढ्यावर आमचा संसार दोन पेट्यांत बांधला गेला. हिंगोलीच्या स्टेशनवर लहान गाडी यायची, मीटरगेजची. तिनं पूर्णेला उतरायचं, तिथून दुसरी गाडी मनमाडपर्यंत आणि मनमाडला मोठ्या गाडीत बसायचं. त्या प्रवासातलं मला एवढंच आठवतं, की आजीनं माझ्या फ्रॉकच्या खिशात भाजलेले शेंगदाणे कोंबले आणि पूर्णा यायच्या आत मी ते संपवले.

मला कोणी विचारलं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला विचारतही नाहीत, आणि त्यात आईवडिलांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण मोठं माणूस गाव सोडतं तेव्हा ते ठरवून निघतं. वेशीवर वळून पाहतं, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या पाया पडतं, रडतं, पुढच्या साली येतो म्हणून सांगतं. मूल मात्र सोडून जात नाही, त्याला नेलं जातं. निरोप घेतलेला नसतो, त्यामुळं त्याच्या लेखी गाव तिथंच, त्याच क्षणी, उघडं राहिलेलं असतं. मी पिंपरीत मोठी झाले, शिकले, शिक्षिका झाले, लग्न झालं, लेकरं झाली. आणि या साऱ्या वर्षांत कोणी ‘गाव कोणतं?’ विचारलं की मी चटकन उत्तर द्यायचे. ज्या गावाची वाटही धड आठवत नाही, त्याचं नाव इतक्या खात्रीनं घेताना मला स्वतःशी अवघड व्हायचं.

वडील गेले आणि गावाकडून चुलतभावाचा फोन आला. सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायची आहे, काकू आणि तुमी, दोघींची नावं लागतील. आईला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, “तुला जायचं तर जा. मला तिथल्या चुलीचा धूर आयुष्यभर पुरला.” तिचं सासर होतं ते. माझं कोण लागतं, हे मलाच ठरवायचं होतं.

आषाढात गेले. हिंगोलीला आता मोठी गाडी येते. पूर्णा-अकोला रुळांचं रुंदीकरण होऊन दीड दशकाहून अधिक काळ झाला. स्टेशनावरून नर्सीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन. माझ्या लहानपणी या वाटेला ज्वारी असायची, अंगाहून उंच, आणि मधूनमधून कापूस. ज्वारीच्या रानात हरवायला व्हायचं. सोयाबीन गुडघ्याखाली राहतं, त्यात लेकरू हरवत नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरंही कमी झाली. आमच्या घराच्या मागचा गोठा शोधत होते, तिथं भावाची मोटारसायकल आणि खताची पोती होती.

घरही तेच नाही. माळवद पाडून स्लॅब टाकलाय. जुन्यातली एक भिंत मात्र ठेवलीय, पांढऱ्या मातीची, आणि तिच्यात देवळी आहे. आजी त्या देवळीत रॉकेलची चिमणी ठेवायची. काजळीनं देवळीची कमान काळी झालेली होती, ती अजून काळीच आहे. भावानं दोनदा चुना मारला, वर येतंच म्हणाला. मी तिथं बोट लावलं नाही. वहिनी बघत होती, आणि तिला स्वयंपाकाची घाई होती.

संध्याकाळी नदीवर गेले. कयाधू आमच्या मुलखाची नदी, पुढं जाऊन पैनगंगेला मिळते. ही नदी मी पाण्यासाठी कमी आणि वाळूसाठी जास्त ओळखत होते. उन्हाळ्यात धार आटली की बायका पात्रात झिरे उकरायच्या. आधी हातानं वाळू ओढायची, मग वाटीनं. हातभर खोल गेलं की तळाशी ओल दिसायची, मग गढूळ पाणी जमायचं. ते वाटीनं उपसून बाहेर टाकायचं. पुन्हा जमायचं, पुन्हा टाकायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाणी निवळ यायचं, इतकं की वाटीच्या बुडाचा ठोका दिसायचा. मग घागर भरायची, वाटी वाटीनं. एका घागरीला किती वेळ लागायचा ते आज सांगता येत नाही, पण आजी त्या वेळात शेजारणींशी अख्ख्या गावाचं बोलून घ्यायची. माझं काम वाळू पुन्हा आत ढासळू न देणं. कडेला दोन्ही तळवे दाबून मी बसायचे.

त्या जागी आता वाळू नाही. काळा खडक उघडा पडलाय आणि खळग्यांत चिखल आहे. वाळू ट्रॅक्टरनं, टिप्परनं वर्षानुवर्षं गेली. शहरांतल्या इमारतींत गेली. आमच्यासारखी जी माणसं गावं सोडून शहरांत गेली, त्यांना राहायला घरं लागलीच. माझ्या पिंपरीच्या घराच्या भिंतीत कुठल्या नदीची वाळू आहे, हा विचार त्या खडकावर उभी असताना मनात आला. वाळू नसली की नदीला पाणी धरून ठेवता येत नाही. पाऊस पडला की पूर, थांबला की कोरडी. हे दुःख मी गावाच्या आठवणीपोटी सांगत नाही. झिऱ्याचं पाणी संपलं म्हणजे गावाच्या पोटातलं पाणी संपलं, आणि त्यावर आता टँकर आणि खोल खोल बोअर एवढाच इलाज उरलाय.

नदीच्या वाटेवर एक म्हातारी भेटली. तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, “कोणाची गं माय तू?” मी आजोबांचं नाव सांगितलं. “थोरल्या लेकाची लेक का? तिकडं पुन्याकडं गेलते ते?” मग तिनं माझ्या हनुवटीला हात लावून तो स्वतःच्या ओठाला लावला. माझं नाव विचारलं नाही. पुढं गावात जो भेटला त्यानंही तेच विचारलं, आणि मला ओळखलं ते मेलेल्या माणसांवरून. आजोबा, आजी, वडील. मी काय शिकले, काय करते, कुठं राहते, याला तिथं काही मोल नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण एक कळलं, की गावानं माझं बालपण सांभाळून ठेवलेलं नाही. गावाला ते आठवतच नाही. त्याच्या लेखी मी एका बिऱ्हाडाबरोबर गेलेलं एक लेकरू, अशी कितीतरी बिऱ्हाडं गेली. मुंबईला, पुण्याला, हैदराबादला. आठवण ठेवण्याचं काम एकट्या माझ्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी रस्ता दिंड्यांनी भरून गेला. आषाढ वद्य एकादशी होती, कामिका. आमच्याकडं तिला परतवारीची एकादशी म्हणतात. आषाढ शुद्ध एकादशीला वारकरी पंढरपूरला जातात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण आमच्या मुलखातल्या वारकऱ्याची वारी पंढरपुरात संपत नाही. तो परत येतो आणि पुढच्या एकादशीला नर्सीला संत नामदेवांच्या पायाशी येतो, तेव्हा त्याची वारी पुरी होते, अशी श्रद्धा आहे. लहानपणी आजीच्या कडेवरून, नंतर तिच्या बोटाला धरून मी ती गर्दी पाहिली होती. टाळांचा आवाज, ओल्या धोतरांचा वास, रस्त्यावरचा चिखल आणि फराळाची शाबुदाण्याची खिचडी. या वेळी मी रांगेत उभी राहिले.

नामदेव महाराजांचं नातं नर्सीशी कसं होतं, याचा विचार मी त्या रांगेत पहिल्यांदा नीट केला. परंपरा सांगते, १२७० मध्ये दामाशेटी आणि गोणाई या शिंपी जोडप्याच्या पोटी ते जन्मले. जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. आमच्या भागात तो कोणी मनावर घेत नाही. नर्सीची परंपरा मानली तर कुटुंब पंढरपूरला गेलं तेव्हा नामदेव लेकरूच असणार. त्यांनाही कोणी विचारलं नसेल. पंढरपूर त्यांचं झालं, विठ्ठल त्यांचा झाला, आणि महाद्वाराच्या पायरीशी त्यांची जागा ठरली. मग पुढं एक कथा येते, आणि ती मला फार जवळची वाटते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं सगळ्यांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव दुखावले. गुरू कर, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या गुरूसाठी ते कुठं गेले? औंढ्या नागनाथाला, विसोबा खेचरांकडं. बार्शीकडचे लोक ही भेट आपल्याकडं झाली म्हणतात, पण औंढ्याची कथा आमच्या घराघरात आहे. देवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा, आणि जिथं देव नाही तिथं माझे पाय नेऊन ठेव, हे त्यांचं सांगणं.

मी लहानपणापासून ऐकत आले ती ही कथा गुरूची म्हणून. रांगेत उभी असताना मला तिच्यातला मुलूख दिसला. औंढा नर्सीपासून फार लांब नाही, दोन्ही आज एकाच जिल्ह्यात आहेत. लेकरू असताना ज्या मातीतून नामदेवांना नेलं, त्याच मुलखात ते मोठेपणी आपल्या पायांनी आले. आले ते आजोळचा आंबा खायला, जुनं घर बघायला नव्हे. आपल्यात काही कमी आहे आणि ते इथं मिळेल, म्हणून आले. मिळालं, आणि ते इथं राहिलेही नाहीत. पुढं थेट पंजाबपर्यंत गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं वास्तव्य झालं. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते. तेव्हा आमच्या भागातली कितीतरी माणसं पहिल्यांदा पंजाबला गेली. आणि पंजाबातले शीख भाविक तर नर्सीला येतातच. नर्सीच्या त्या गर्दीत पगडी बांधलेला एक तरुण वारकऱ्यांना पाणी वाटत होता. त्याला मराठी येत नव्हतं. म्हाताऱ्या बाया त्याला ‘बाबा’ म्हणून ग्लास परत देत होत्या.

नर्सीनं आपल्या लेकरावर रुसवा धरलेला नाही. तू का गेलास, का थांबला नाहीस, असं ती विचारत नाही. पंढरपूरलाही देते, घुमानलाही देते. पण वारी मात्र आपल्या अंगणात पुरी करून घेते. एका जागेचं माणूस तीन जागांचं असू शकतं, हे मला इथं पटलं, आणि पिंपरीत राहून या गावाचं नाव सांगण्यातलं माझं अवघडलेपण तिथंच सरलं.

औंढ्यालाही जाऊन आले. यादवांच्या काळातल्या त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर शिल्पांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि पिंडीपाशी जायला अरुंद पायऱ्या उतरून खाली तळघरात वाकून जावं लागतं. तिथं नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तन समोर करू दिलं नाही, मागं जा म्हणाले, आणि देऊळच फिरलं, असं लोक सांगतात. त्याच औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर आता लायगो प्रकल्प उभा राहतोय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारा. केंद्रानं २०२३ मध्ये त्याला २६०० कोटींची मंजुरी दिली. जिथून पोरं बाहेर जात राहिली, तिथं आता जगभरचे शास्त्रज्ञ येतील. भावाच्या मुलाला तिथं नोकरी लागावी असं वहिनीला वाटतं. मलाही वाटतं.

आता सहीचं. ज्यासाठी मी गेले ते काम.

आमच्याकडं लेकी गावाला बोलावल्या जातात त्या बहुतेक दोन वेळा, लग्नाला आणि सहीला. बाप गेला की भाऊ गाडी पाठवतो, साडी घेतो, आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही होते. बहिणीनं सही केली की माहेर शाबूत राहतं, ही बोली मराठवाड्यात कोणत्याही ओट्यावर ऐकू येईल. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क दिला. तरी साडीवर तो सोडून दिला जातो. ज्या बायका सोडतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. माहेरचा उंबरा बंद होण्याची भीती काय असते, ते मला कळतं. पण रीत वाईट आहे, आणि प्रेमाची किंमत म्हणून हक्क मागणं हे प्रेम नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या भावानं तसं काही मागितलं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. गावातल्या दोघा-तिघांनी त्याच्या वतीनं सुचवलं. तुमी काय येणार हायत का इथं राहायला? कशाला उगं नाव? तलाठ्याकडं जाताना मी भावाला म्हणाले, “दादा, मी सोडणार नाही. विकणारही नाही. बटईनं तूच कर, जसं काका करत होते. पण आईचं आणि माझं नाव लागू दे.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लागू द्या की आक्का. बापाचंच हाय.”

अर्ज दिला, फेरफार धरला गेला. नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतील. जुन्या कागदांत आजोबांचं नाव पाहिलं, त्याखाली तिघा भावांची, आणि आता वडिलांच्या जागी आई आणि मी. लहानपणी मला न विचारता या गावातून नेलं होतं. या कागदावर मात्र मी स्वतः सही करून आले.

शेत बघायला वहिनीबरोबर गेले. विहिरीच्या अंगाला दोन एकर हळद आहे. वडिलांच्या वेळी आमच्या रानात हळद नव्हती. आता हिंगोली जिल्हा हळदीचा म्हणून ओळखला जातो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं हळद संशोधन केंद्रही आहे, आणि हिंगोलीच्या बाजारात हंगामात शेजारच्या जिल्ह्यांतूनही माल येतो. गादीवाफे पाडलेले, त्यांवर ठिबकच्या नळ्या, आणि ओळीनं कोवळी पानं, गुंडाळी उलगडत असलेली. वहिनीनं वाफ्यावर बसून बोटांनी माती बाजूला केली. खाली बेण्याचा गड्डा होता, त्याला पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या आणि कोंबाच्या बुडाशी लालसर झाक. कडेला निघालेला एक तुकडा तिनं मोडून माझ्या हातावर ठेवला. आत इतका भडक रंग, की तो नखांत दोन दिवस राहिला. “आता कुठं फुटायलीय,” ती म्हणाली, “भरणी करावं लागते, मग पोटात गड्डे धरतेत.” बेणं महाग, मजुरी महाग. भाव चढला तर बरं, नाहीतर नऊ महिन्यांचं पीक नऊ महिने जीव खातं. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. हिशेब सांगत होती.

रात्री भावाच्या पोराच्या वहीत आम्ही तो हिशेब मांडला. पुढच्या साली आमच्या वाट्याच्या तुकड्यात हळद लावायची तर पाणी कुठून ओढायचं, नळ्यांना किती पडेल, बेणं घरचं ठेवायचं का विकत आणायचं, त्यातले मी किती घालायचे. शिजवायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम भाड्यानं येतो, त्याचं क्विंटलमागं काय ते भावानं सांगितलं. मी आकडे लिहीत गेले.

“काढणीला या मग,” वहिनी म्हणाली. “मजूर मिळंनात. एका दिवसाचं नसतंय ते, धा-पंधरा दिवसाच्या बोलीनं या.”

मी म्हटलं, मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा असतात, एवढी रजा मिळायची नाही.

तिनं जरा विचार केला. “मग त्याच्या आधी पाला कापायचा असतोय, तवा या. इळा हाय घरी.”